शेळीच्या पिच्चरचं तिसरं रीळ

माझ्या आईची माझ्याकडं एकच आठवण आहे. ती खरोखर माझी आहे की लहानपणी बघितलेल्या एका पिच्चरमधली, एवढं बघायला मी दिवाळीनंतर बीड जिल्ह्यात पाच दिवस फिरून आले. लोक तिकडं देवदर्शनाला जातात, सीताफळं आणायला जातात. मी पिच्चर शोधायला गेले. चिंचवडच्या माझ्या शिवणाच्या दुकानावर मी "पाच दिवस बंद" अशी पाटी लावली, तीही ऐन लग्नसराईच्या तोंडावर. अकरा ब्लाऊज कापून पडले होते. गिऱ्हाइकांनी काय काय म्हटलं असेल ते म्हटलं असेल.

आठवण अशी. संध्याकाळ आहे. आई गाडीतून उतरते. माझं नाक-तोंड पदरानं पुसते, तेव्हा तिचा तळहात गालाला खरखरीत लागतो. मग ती दातानं ऊस सोलते, बारीक तुकडे करते आणि माझ्या तोंडात घालते. संपलं. तिचा चेहरासुद्धा त्यात नाही, आणि फोटो तर घरात कुणी काढलाच नव्हता.

आमचे आईवडील ऊसतोडीला जायचे. मी पाच वर्षांची होते, त्या हंगामात त्यांनी अकरा वर्षांच्या दादाला बरोबर नेलं आणि मला गावात आत्याजवळ ठेवलं. तिकडं उन्हाळ्याच्या तोंडाला आईला ताप भरला आणि ती तिकडंच गेली. वडील, म्हणजे आमचे अप्पा, आणि दादा दोघंच परत आले. मग दादाला बीडच्या वसतिगृहात घातलं, मला चिंचवडला मावशीकडं पाठवलं. आई जायच्या आधी, मी आत्याजवळ होते त्या हिवाळ्यात गावच्या शाळेच्या भिंतीला पडदा बांधून एक पिच्चर दाखवला होता. एक मुलगी, तिची शेळी आणि एक धबधबा, एवढं मला आठवतं. तो पिच्चर पुन्हा कधी माझ्या बघण्यात आला नाही.

गेल्या जूनमध्ये माझ्या लेकीची हळद होती. तिनं विचारलं म्हणून मी चार बायकांत ही आठवण सांगत होते. तेवढ्यात दादा मागून म्हणाला, "मंगे, आई परत आलीच न्हाई. ते शेळीच्या पिच्चरमधलं हाय. म्या बीडला बघितलाय ना, शेवटी आई येती बघ गाडीतनं." आणि हसला. माझ्या हातात हळदीची वाटी होती, ती मी अशी आदळली की मांडवातले लोक वळून बघायला लागले. दादाला मी म्हणाले, बघून येते आणि मग बोलते तुझ्याशी. तेव्हापासून आम्ही बोललो नव्हतो.

लेकीनं फोनवर पिच्चर शोधला. काही सापडलं नाही. नावच ठाऊक नाही तर सापडणार काय?

मांजरसुंबा

बसच्या आठ तासांबद्दल लिहीत नाही, कंबर अजून त्यांची आठवण काढते. मांजरसुंब्याच्या चौकात उतरले तर समोरून ट्रॅक्टरची रांग चाललेली. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, त्यावर बांबू, चटया, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्यांचं खुराडं आणि सगळ्यात वर बायकापोरं. तोडीला निघालेली माणसं. आमच्या चिंचवडला या दिवसांत तुळशीच्या लग्नाची गडबड असते, पोरी नव्या साड्या काढतात. इथं अख्खं घर दोरीनं बांधून चाललेलं असतं. एका ट्रॉलीवर लाल स्वेटरमधली पोर बसली होती. मी हात केला. तिनं केला नाही.

मुक्काम ढाब्यामागच्या खोलीत केला. जेवायला भाकरी, ठेचा आणि येसर आमटी. येसर म्हणजे धान्य आणि मसाले भाजून केलेलं पीठ, ते घातलं की आमटीला असा काही वास सुटतो की माणूस आपलं दुःख बाजूला ठेवतो. मी तीन वाट्या प्यायले. आमच्याकडं आमटीत गूळ टाकतात असं मी ढाबेवाल्याच्या बायकोला सांगितलं, तेव्हा तिनं माझ्याकडं आजारी माणसाकडं बघतात तसं बघितलं.

ढाबेवाले काका पासष्टीचे. पिच्चरचं नाव काढलं आणि ते खुर्ची ओढून बसलेच. "कपिलधारला शूटिंग झालतं. म्या आठ दिस पाणी वाहिलंय त्यांना."

मला वाटलं, काम झालं. पहिल्याच दिवशी. "शेळीचाच ना पिच्चर?"

"शेळी कुठली आली? कुत्रं हुतं. पांढरंफेक."

"अहो, शेळी. मी बघितलाय."

"बाई, म्या सोता त्या कुत्र्याला भाकर घातलीय. तुमी मला सांगताव व्हय?"

आम्ही बराच वेळ भांडलो. मी अशी हट्टी आणि तेही तसलेच. शेवटी चुलीपाशी बसलेली त्यांची बायको न वळताच म्हणाली, "ते कुत्रं शूटिंगवाल्यांचं हुतं. पिच्चर कवा बघितलाव तुमी?"  पिच्चर काकांनी बघितलाच नव्हता. मग त्यांनी मला एक सीताफळ फुकट दिलं आणि विषय बदलला.

कपिलधार

सकाळी काळीपिवळी जीपनं कपिलधारला गेले. बारा माणसं आणि एक बोकड, म्हणजे गर्दी बेताचीच होती. धबधबा आता बारीक झाला होता, पण कड्यावरून पाणी पडतच होतं आणि खाली मंदिरात घंटा वाजत होती. मी पाण्यासमोर उभी राहिले आणि आठवायचा प्रयत्न केला. मुलगी इथं उभी होती का? शेळी कुठं होती? काहीच जुळेना. माझ्या डोक्यातला धबधबा याच्या दुप्पट उंच होता. मी तेव्हा पाच वर्षांची होते हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं.

नारळ-फुलं विकणारी एक बाई माझ्याच वयाची दिसली. तिला विचारलं. ती म्हणाली, "बघितलाय की. आमच्या गावात दाखविलता. लई रडलो आमी."

"कावून?" माझ्या तोंडून इतक्या वर्षांनी 'का'ऐवजी 'कावून' आलं आणि माझं मलाच बरं वाटलं.

"आवं, पोरगी वाटंवर हुबी ऱ्हाती एकटी. शेळी वरडती. आन् संपलं."

"आणि आई? शेवटी आई येते ना गाडीतून?"

"आई कुठली? आज्जी हुती तिला." मग जरा थांबून म्हणाली, "का आईबी हुती? न्हाई बा आठवत. नारळ घेताव का?"

मी नारळ घेतला. पायऱ्यांवर बसून वहीत लिहीत होते, तर एक वानर आलं आणि माझी पिशवी उचलून चालतं झालं. त्यानं सीताफळ काढून घेतलं, तिथंच बसून बिया थुंकत खाल्लं आणि पिशवी पाण्यात सोडून दिली. हातातली वही वाचली, पण बीडमध्ये कुणाला भेटायचं त्या नावांची चिठ्ठी पिशवीत होती. तिचा लगदा झाला. आजूबाजूचे लोक हसले. मीही हसले असते, पण मला त्या बाईचं उत्तर खटकत होतं. तिच्या पिच्चरमध्ये आई आलीच नव्हती. मग दादाच्या पिच्चरमध्ये कशी येते?

बीड

बीडच्या ज्या कार्यालयातून पूर्वी गावोगाव पिच्चरची गाडी जायची, तिथं गेले. तिथल्या बाबूनं चष्मा कपाळावर चढवून सांगितलं, "रिळं? ती कवाच निर्लेखित झालीत मॅडम."

"म्हणजे?"

"म्हंजी भंगारात गेली."

झालं.  आईची एकुलती एक आठवण खरी की खोटी हे भंगारवाल्याला विचारायचं की काय आता? पण तिथं कामासाठी आलेले एक म्हातारे गुरुजी आमचं बोलणं ऐकत होते. त्यांनी पिच्चर इथं बीडमध्ये मुलांना घेऊन बघितला होता. ते म्हणाले, "शेवट लई झकास. बैलगाडीतनं आई येती, पोरीचं तोंड पदरानं पुसती, ऊस खायला देती. पोरांनी टाळ्या वाजवून डोकं उठवलं माझं."

पदरानं पुसती. ऊस देती. गुरुजी आणखी काही तरी बोलत होते, ते मला ऐकू आलं नाही. दादा खरं बोलत होता. मी पंचेचाळीस वर्षं दुसऱ्याच कुणाच्या तरी आईला आपली आई म्हणून उराशी धरून बसले होते. राग आला, आणि कुणावर काढायचा ते कळेना. बाबूवर काढला. म्हटलं, एवढं मोठं कार्यालय, एक पिच्चर सांभाळता येईना तुम्हाला. तो बिचारा तेव्हा जन्मलाही नसेल. त्यानं मला पाणी दिलं आणि म्हणाला, "बाबूमियाँला विचारा. गाडीवर मशीन चालवायचे ते. म्हातारे झालेत, पण डोकं साबूत हाय."

फळबाजाराच्या मागच्या गल्लीत बाबूमियाँचं घर सापडलं. ते नव्हते. त्यांची सून नसरीन दारात मेथी निवडत बसली होती. "अब्बा लग्नाला गेलेत परळीला. परवा येतील. तुमी परवा या, खिचडी खायलाच या," ती म्हणाली. ना ओळख ना देख, आणि ही मला जेवायला बोलावते. आमच्या सोसायटीत समोरच्या दाराची बेल वाजवायची तर आधी फोन करावा लागतो.

मधला एक दिवस मोकळा होता. मी शिरूरची बस धरली.

शिरूर कासार आणि आमचं गाव

शिरूर कासारपासून आमचं गाव सात-आठ किलोमीटर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मी जे लिहिणार आहे ते वाचून तिथले लोक मला पुन्हा येऊ द्यायचे नाहीत. पावसानं यंदाही पाठ फिरवली होती. निम्म्या घरांना कुलपं. गल्लीत म्हातारी माणसं आणि शेंबडी पोरं, मधल्या वयाचं कुणी नाही. मी पाच वर्षांची असताना गाव असंच दिसत असणार. आणि म्हणूनच आई तेव्हा आली होती का, हे सांगणारंही आता कुणी नाही. जाणते होते ते तेव्हा उसाच्या फडात होते, आणि राहिले होते ते म्हातारे कधीच गेले. आत्यालाही जाऊन वीस वर्षं झाली. तिला मी कधी विचारलंच नाही. आपली आठवण खोटी असेल अशी शंका कुणाला येते?

माझ्या वयाच्या दोघी भेटल्या, सख्ख्या जावा, दोघी याच गावात वाढलेल्या. पिच्चर दोघींनी त्याच रात्री, त्याच शाळेसमोर, मांडीला मांडी लावून बघितलेला. त्यांना विचारलं, शेवटी आई येते का?

थोरली म्हणाली, "येती की. लाल लुगडं नेसून येती."

धाकटी म्हणाली, "अगं बाई, कुठं येती? पोरगी वाटंवर हुबी ऱ्हाती आन् पडदा पांढरा हुतो."

"तू झोपलीस आसशील."

"झोपतीया मी. तूच हिरव्या लुगड्याचं सांगितलंस मागं, आता लाल झालं व्हय?"

"हिरवं न्हाई, लालच."

त्या भांडायला लागल्या आणि मला मध्ये पडून चहा प्यावा लागला. मला आता खरंच काही कळेनासं झालं होतं. एकाच पिच्चरला कुत्रं, शेळी, आज्जी, लाल लुगडं, हिरवं लुगडं. बीडमध्ये आई येते, कपिलधारला येत नाही, आणि आमच्या गावात ती एकाच ओसरीवर येते आणि येतही नाही. चार माणसांनी मापं सांगितली आणि चारही वेगळी, तर मी ब्लाऊज शिवायला घेत नाही. सरळ म्हणते, माणूस घेऊन या. इथं माणूस आणायचं कुठून?

आत्याचं घर पडून गेलंय. जागेवर कुणी तरी कडबा रचलाय. पण दारातली बोर तशीच आहे, उलट वाढलीय. आत्याच्या बोरीची बोरं लांबट असायची, खारकेएवढी, पंचक्रोशीत तसली नव्हती. कार्तिकात ती हिरवीच असतात. तरी एक तोडून खाल्लं. तुरट, तोंड वाकडं झालं. शहाण्या माणसानं हंगामाआधी बोर खाऊ नये, पण मी काही शहाणपणा करायला गेले नव्हते. दोन पिशवीत टाकली आणि परत फिरले.

पुन्हा बीड

परवाच्या बोलीप्रमाणे सकाळी नऊला बाबूमियाँच्या दारात हजर झाले. ऐंशीच्या पुढचा माणूस, पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा. नसरीननं खिचडी आणि खट्टा वाढला. खट्टा म्हणजे चिंचेचं पातळ, आंबट कालवण, त्यात कांदा. खिचडीवर ते ओतून खायचं, नाश्त्याला. आमच्याकडं खिचडी म्हणजे रात्री कंटाळा आल्यावर करायची वस्तू. इथं तिचा मान मोठा. मी शेळीच्या पिच्चरचं नाव काढलं आणि म्हाताऱ्यानं ताट बाजूला सारलं.

"तीन डबे होते त्याचे," ते म्हणाले. "दोन घासून घासून संपले. चिरा पडल्या, तुकडे झाले, गेले भंगारात. तिसरा हाय माझ्याकडं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आहे?"

"हाय ना बेटी. भंगारात टाकायचं जिवावर आलं. नवा कोरा होता."

नसरीननं माळ्यावरून डबा काढला. गंजलेल्या झाकणावर नावाची पट्टी होती, तिच्यावर फक्त "ची शेळी" एवढं उरलं होतं. पुढचं नाव गंजानं खाल्लं होतं. म्हणजे ढाब्यावर मी बरोबर होते. तेवढंच समाधान.

मशीन त्यांच्याकडं नव्हतं. म्हातारे म्हणाले, मशीन कशाला लागतंय? त्यांचा मुलगा घड्याळं दुरुस्त करतो, त्याचं भिंग आणलं. खिडकीशी बसून ते पट्टी हळूहळू सोडत गेले आणि मी भिंगातून बघत गेले. रिळाशी माझा रोजचाच संबंध, पण धाग्याच्या. असलं रीळ मी पहिल्यांदाच बघत होते. बोटाच्या नखाएवढी चित्रं. मुलगी. शेळी. कपिलधारचं पाणी, आणि ते खरंच एवढंसंच. मग वाट. मग बैलगाडी. गाडीतून एक बाई उतरली. फुग्याच्या बाह्यांचं ब्लाऊज, खांद्याला नीट बसलेलं, शिवणाऱ्याचा हात चांगला होता. तिनं मुलीचं तोंड पदरानं पुसलं. मग ऊस घेतला आणि दातानं सोलला.

मी भिंग खाली ठेवलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि लाज वाटायची सोडून मी तिथं परक्या घरात हमसून रडले. सगळं होतं तसंच होतं. गाडी, पदर, ऊस. माझं काहीच नव्हतं त्यात.

नसरीन माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी दोघांना सगळं सांगितलं, आई, दादा, हळदीची वाटी. ती म्हणाली, "पण ताई, फडातून आलेली आई दुसरं काय करणार? तोंड पुसणार आन् ऊस देणार. इकडं सगळ्याच देतात."

बाबूमियाँनी मात्र विचारलं, "गाव कंचं तुमचं?"

मी सांगितलं. 

"तिथं हे रीळ म्या दाखविलंच न्हाई."

मी म्हटलं, "म्हणजे? लाईट गेली होती?"

"लाईट कुठली, माझं जनरेटर होतं. ऐका. शिरूरकडं त्या साली पयला शो तुमच्या शेजारच्या गावात केला. ही गाडी आली ना पडद्यावर, तर पोरं उठली आन् धावली. सगळ्यांच्या आया तोडीला गेलेल्या. पडद्याच्या मागं गेली बघायला, गाडी कुठं थांबली म्हणून. पडदा फाटला, आन् मागं काईच न्हाई म्हणल्यावर जे रडली ना पोरं. दोन घंटे. म्या कानाला खडा लावला. ज्या गावातली माणसं तोडीला जातात, तिथं दोनच रिळं दाखवायची. तिसरं डब्यात. बीडात, परळीत दाखवायचो. वरून विचारलं तर सांगायचो, तिसरं खराब झालंय."

डब्याच्या तळाशी एक पुठ्ठा होता. ज्या ठिकाणी हे रीळ लावलं ती नावं त्यावर पेन्सिलीनं लिहिलेली. मोजकी होती. शिरूरकडचं एकच नाव, ते शेजारच्या गावाचं, आणि त्याच्यापुढं काट मारलेली. आमच्या गावाचं नाव नव्हतं. पुठ्ठा मी दोनदा उलटून बघितला.

माझ्या जिवात जीव आला आणि लगेच पुन्हा गेला. कारण म्हातारे पुढं म्हणाले, "पण बेटी, खोटं कशाला बोलू? पोरं घरी जाऊन आपल्या मनानं शेवट लावायची. पुढच्या साली गेलो की मला सांगायची, चाचा, त्या पिच्चरमदी आई आलती ना, लाल साडीत. कुणी म्हणायचं हिरव्या. म्या हो म्हणायचो."

म्हणजे त्या दोन जावांचं कोडं सुटलं आणि माझं वाढलं. पिच्चरमधली नाही म्हटलं तर मग आई खरंच आली होती, की मीही त्या थोरल्या जावेसारखी मनानंच लावली? मी विचारलं, हंगामात कुणी बाई मधेच घरी येऊन जाऊ शकते का?

"येऊ देत नव्हते. मुकादम लई कडक. पण यायच्या चोरून. मिळेल त्या ट्रकनं मांजरसुंब्यापर्यंत, तिथून मिळेल ते. म्या गाडीत बसवून सोडल्यात अशा कैक."

"माझी आई बसली होती का हो तुमच्या गाडीत?"

"नाव न्हाई विचारायचो बेटी. नाव विचारलं की घाबरायच्या."

आता राहिलं होतं एकच माणूस. त्या हंगामात आईजवळ कोण होतं? दादा. आणि त्याच्याशी मी पाच महिने बोलले नव्हते. बाबूमियाँच्या ओट्यावर बसून मी फोन लावला. दादा फलटणला ट्रॅक्टर दुरुस्त करतो, मागं हातोड्याचा आवाज चालू होता.

"बोल," तो म्हणाला.

मी घडाघडा सगळं सांगितलं. तिसरं रीळ, फाटलेला पडदा, पुठ्ठा. "दादा, आपल्या गावात ती आई दाखवलीच नव्हती. मी ती बघितलेलीच नाही."

 मग पलीकडं तो कुणाला तरी म्हणाला, थांब जरा, आणि हातोडा बंद झाला.

"दादा, त्या हंगामात आई कधी तुम्हाला सोडून गेली होती का? एखादा दिवस?"

"संक्रांतीच्या टायमाला," दादा हळू आवाजात म्हणाला. "सकाळी उठलो तर पाल्याच्या कोपीत, आपल्या झोपडीत आई न्हाई. दोन दिस न्हाई. अप्पा म्हणले, दवाखान्यात गेलीय. मला वाटलं, आपल्याला सोडून पळाली. तिसऱ्या दिवशी आली. म्या बोललोच न्हाई तिच्याशी. पदरात बांधून बोरं आणलती माझ्यासाठी, लांब लांब."

"लांब?"

"व्हय. खारकेवानी." आणि तो थांबला. त्याचं त्यालाच कळलं होतं.  मग म्हणाला, "म्हंजी तुझ्याकडं आलती व्हय ती."

 मी नुसती मान हलवली, ती त्याला दिसली नसणार.

"म्या फेकून दिली गं ती बोरं, मंगे. तिच्यासमोर फेकली. पुढं दोन महिन्यांत ती गेलीच." मग एखाद्या लहान पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "गोड असत्यात का गं ती?"

माझ्या पिशवीत आत्याच्या बोरीची दोन बोरं होती, हिरवी. ती मी हातात घेतली.

"आत्ता तुरट आहेत," मी म्हणाले. "संक्रांतीला गोड होतात. तू ये. दोघं जाऊ."